डाव्या खांद्याचा दस्ता

दाजी, तुमच्या जाण्यानं करवीर नगरीतलं एक धगधगतं शस्त्र कायमचं थंडावलं आहे.

हे वाक्य माझं नाही. चौकात तुमचा फ्लेक्स लागला होता, त्यावर ते होतं. शोकसभेत तालमीच्या अध्यक्षांनी ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा जरा सावकाश, मागच्या रांगेपर्यंत पोहोचावं म्हणून. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी डोळे पुसले. तुमची बंदूक हवेची आहे, तिला परवानाही लागत नाही आणि ती झाडली की मांजर शिंकल्याएवढा आवाज होतो, हे सांगायची ती जागा नव्हती. फ्लेक्सवरच्या फोटोत तुम्ही उजव्या खांद्याला बंदूक लावून उभे होता आणि नळीतून धूर निघत होता. धूर फ्लेक्सवाल्यानं घातला होता. मी विचारलं तर म्हणाला, "सर, नुसती बंदूक ओकीबोकी दिसती."

तुम्ही असता तर त्या धुरावरून निदान आठवडाभर तरी माझं डोकं खाल्लं असतंत. आता तो आठवडा मला एकट्यालाच काढावा लागला. माणसं येतात, बसतात, चहा घेतात, "कसं झालं?" विचारतात. झोपेत झालं, दुपारच्या, एवढंच सांगण्यासारखं आहे. तेवढ्यात चहा संपत नाही, म्हणून मग पुढचं बोलावं लागतं. मी दमलो आहे, दाजी. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल एवढं बोलावं लागतं की त्याची आठवण काढायला वेळ उरत नाही. म्हणून जेवण झालं की मी तुमच्या गच्चीवर जायचो आणि दस्ता घासायचो.

दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, हे मला तुमच्यामुळं कळलं. तोपर्यंत मी त्याला बंदुकीचं लाकूड म्हणत होतो. पुण्याच्या कुणा नेमबाजाकडून तुम्ही ती जुनी स्पर्धेची बंदूक आणलीत, तेव्हा मला मुद्दाम बोलावून घेतलंत. जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला माझा. लाकडाशी संबंध आला तो पुस्तकांच्या कपाटांपुरता आणि वाळवीपुरता. मी दस्त्याच्या कडेचे फिकट आणि तपकिरी थर पाहिले आणि प्रामाणिकपणे म्हणालो, "दाजी, हे प्लायवूड आहे."

"प्लायवूड तुमच्या कपाटाला, पावणं. हे लॅमिनेटेड हाय."

"फरक काय?"

"प्लायवूडात थर एक उभा, एक आडवा. ह्यात सगळं एका दिशेनं. पातळ पट्ट्या, डिंक आणि दाब. पावसाळ्यात बाक येत न्हाय."

"म्हणजे महागाचं प्लायवूड."

"व्हय. तुम्ही जसं महागाचं पावणं."

हा वाद पुढं कितीतरी वर्षं चालला. अक्का म्हणायची, दोघं मिळून एक लाकूड चावताय. तुमचं म्हणणं बरोबर होतं. मी नंतर वाचून पाहिलं. पण तुम्हाला ते सांगितलं असतं तर वाद संपला असता, आणि मेव्हण्या-दाजीत वाद संपला की बोलायला उरतं काय?

तुमचा उजवा डोळा गेला, तेव्हा तालमीतले सगळे म्हणाले की आता मास्तरांनी नेमबाजी बसून शिकवावी. तुम्ही शाळेत पी.टी. शिकवली, बसून शिकवणं तुम्हाला जमणारं नव्हतं. डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा, त्यातलं पाणी वगैरे समजावून सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "डावा चांगला हाय न्हवं?" मग घरी येऊन जाहीर केलंत, की आता बंदूक डाव्या खांद्याला.

अडचण दस्त्याची होती. हे मी तुमच्याकडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता मीच लोकांना सांगतो. दस्त्याच्या मागच्या भागावर गाल टेकवायला एक फुगवटा असतो. तुम्ही त्याला उशी म्हणायचा. बंदूक उजव्या खांद्याला असेल तर उशी डाव्या अंगाला लागते. खांदा बदलला की उशीही पलीकडं न्यावी लागते. डाव्यांसाठी वेगळा दस्ता मिळतो, पण तो परदेशातून मागवावा लागतो. तुम्ही म्हणालात, "हाय त्योच डावा करू." मी म्हटलं, दाजी, पन्नाशीनंतर माणूसही डावीकडं वळत नाही, हे तर लाकूड. तुम्ही करवत आणली.

डाव्या अंगाची उशी तुम्ही सपाट कापून काढलीत, उलटी केलीत आणि उजव्या अंगाला डिंकानं चिकटवून शिकंज्यात आवळलीत. थराला थर जुळावा म्हणून एक अख्खा रविवार नुसतं जुळवण्यात घालवलात. मग कानस. मूठ, अंगठ्याची खोबण, उशीचा उतार. गंमत अशी की सपाट असताना त्या लाकडावर नुसत्या सरळ रेघा होत्या. कानस फिरत गेली तसे गोल पट्टे उमटायला लागले, एकात एक, फिकट, तपकिरी, फिकट. मी म्हटलं, शाळेच्या भिंतीवर डोंगरांचा नकाशा असायचा, तसं दिसतंय. अक्का म्हणाली, "कापलेला कांदा." तुम्ही म्हणालात, "दोघंबी बाजूला व्हा, उजेड अडवताय."

आणि डावेपणा शिकवायला घरातच गुरू होता. अक्का जन्माची डावखुरी. आमच्या वडिलांनी तिचा डावा हात बांधून ठेवून पाहिला, मारून पाहिला. ती उजव्यानं जेवायला आणि लिहायला शिकली आणि बाकी सगळं चोरून डाव्यानं करत राहिली. लग्नात तिनं अक्षता डाव्या हातानं टाकल्या म्हणून तुमच्या आत्यानं केवढा गहजब केला होता. चाळीस वर्षांनी तुम्ही तिच्यासमोर उभे राहून विचारत होता, "दात घासताना कोपर कुठं असतंय तुझं?" ती म्हणाली, "मला काय ठाऊक, आजवर कुणी बघितलंय का." मग तुम्ही महिनाभर डाव्या हातानं दात घासलेत, कडी लावलीत, लाटण्यानं उंदीर मारायला गेलात आणि फडताळाची काच फोडलीत. अक्का हसत होती. तिला इतकं हसताना मी लहानपणीही पाहिलं नव्हतं.

खंडेनवमीला ते झालं.

दस्त्याचं कानसकाम संपत आलं होतं. तेल लावण्याआधी लाकूड ओल्या फडक्यानं पुसायचं, तंतू उभे राहतात, वाळलं की ते बारीक पॉलिश पेपरनं घासून काढायचे, ही तुमची पद्धत. तुम्ही दस्ता ओला करून गच्चीवरच्या खाटेवर ठेवलात आणि तालमीत पूजेला गेलात. इकडं अक्कानं घरातलं एकेक हत्यार गोळा केलं. हातोडी, विळा, पान्हे, मिक्सर, स्कूटरची किल्ली. बंदुकीची नळी पेटीत कुलपात होती, तेव्हा तिनं दस्ता आणला. शस्त्राची पूजा चुकायला नको. हळदीची पाच बोटं, त्यावर कुंकू, वर झेंडूचं फूल. बरोबर उशीवर, कारण तीच जागा कपाळासारखी दिसत होती.

नुकतं वाळलेलं, कोरं, पाण्यानं तोंड उघडलेलं लाकूड. हळद अशी पीत गेलं की जणू त्याचंच लग्न होतं.

तुम्ही आलात. मी तिथंच होतो. तुम्ही ओरडला नाहीत, हेच वाईट होतं. दस्ता उचललात, मोरीत नेलात आणि कपड्याच्या साबणानं घासलात. हळदीला साबण लागल्यावर काय होतं, हे या गावात लहान पोराला माहीत असतं. पिवळ्याचं लालभडक झालं. तुम्ही त्या लाल डागाकडं बघत राहिलात आणि अक्का दारातून हळूच म्हणाली, "म्हणजे वेगळं कुंकू लावायलाच नको हुतं."

त्यावर तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलंत. मला फोन यायचा. "पावणं, तुमच्या भैणीला सांगा, आमटी खारट झालीय." मी पलीकडच्या पेठेतून अक्काला फोन करायचो. ती म्हणायची, "त्यास्नी सांग, भांड्यात पाणी हाय, वतून घ्या." दोघं एकाच स्वयंपाकघरात असायचात. मला पाठीमागं भांड्यांचे आवाज दोन्ही फोनवर सारखेच ऐकू येत. ग्रंथालयात इतकी वर्षं काढली, पण माझ्याकडून इतकी देवघेव कधी झाली नव्हती.

मग एक दिवस फोन बंद झाले. मी चौकशीला आलो तर तुम्ही दोघं गच्चीवर बसला होता. तुम्ही दस्ता घासत होता आणि अक्का शेंगा फोडत होती. मिटलं कसं, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दिवाळीनंतर तुम्ही मला डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेलात. थेंब घातले की स्कूटर चालवता येत नाही म्हणून, असं म्हणालात. परत येताना आपण चहाला थांबलो. काळा चष्मा लावून तुम्ही बाकावर बसला होता आणि बशी शोधत होता. बशी तुमच्यासमोर होती.

"डाव्यालाबी सुरू झालंय," तुम्ही म्हणालात.

मी बशी तुमच्या हाताशी सरकवली.

"तुमच्या भैणीला बोलू नका. उपास धरंल."

"दाजी, मग दस्ता?"

"दस्त्याला काय झालंय? त्यो चाललाय की."

तो चालला होताच. पण तेव्हापासून तो संपेना. मी आलो की तुम्ही बारीक पेपर घेऊन आधीच गुळगुळीत झालेली जागा घासत बसलेले. तेल कधी लावणार म्हटलं की लावू की. मध्ये एकदा आपण तेल की पॉलिश यावर तास घालवला. मी लाखेच्या पॉलिशच्या बाजूनं होतो, चकाकी असावी म्हणून. तुम्ही म्हणालात, "देव्हारा न्हाय त्यो. चकाकलं की गाल घसरतो." तेल जवसाचं, टर्पेंटाइननं पातळ केलेलं, तळहातानं चोळायचं, जास्तीचं पुसून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सगळी पद्धत तोंडपाठ होती. डबा आणलेला होता. त्याचं झाकण तुम्ही उघडलंच नाहीत.

मला कळत होतं, दाजी. दस्ता पुरा झाला असता तर तो डाव्या खांद्याला लावून समोरच्या काळ्या ठिपक्याकडं बघावं लागलं असतं. तो ठिपका दिसतो की नाही, हे मग ठरून गेलं असतं. घासत राहिलं की ते ठरत नव्हतं. मी याबद्दल तुमच्याशी बोलायला हवं होतं की नको, हे मला अजून समजलेलं नाही. तुम्ही तरी कुठं बोलायला जागा ठेवली होतीत?

आता तुम्ही गेल्यावर अक्का एकच गोष्ट सांगत बसली. येईल त्याला. "माझ्या हळदीपायी राहिलं त्यांचं. न्हायतर डाव्या हातानं एकदा तरी मारलं असतं." बायका तिची समजूत घालायच्या आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मी बाजूला बसून ऐकायचो. खरं काय ते मला ठाऊक होतं. एका वाक्यात तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं, आणि ते वाक्य तुम्ही चहाच्या गाड्यावर माझ्याकडून बंद करून घेतलं होतंत. जिवंत माणसाचा शब्द मोडता येतो, तो भांडायला तरी येतो. तुमची ती सोय राहिली नाही.

तशात अध्यक्ष आले. तालमीत दर्शनी भिंतीवर काचेची पेटी करायची, त्यात बंदूक, वर दिवा, खाली पाटी. "मास्तरांचं शस्त्र पोरांच्या डोळ्यापुढं राहायला पाहिजे," म्हणाले. तुमच्याच हाताखाली शिकलेला माणूस. मनापासून म्हणत होता. मी म्हटलं, दस्ता अर्धा आहे, आधी पुरा करू द्या. पेटी टाळायला मला दुसरं काही सुचलं नाही. अशा रीतीनं मी सुतार झालो.

पहिलं काम डागाचं. पॉलिश पेपर लावावा तर तो डाग थराच्या आतपर्यंत उतरलेला. काढायचा तर उशीची उंची जाणार. हळदीला ऊन सोसत नाही, एवढं घरच्या बायकांना धुण्यावरून माहीत असतं. मी दस्ता रोज उन्हात ठेवला. अक्का वाळवण घालायला वर यायची आणि जाता जाता म्हणायची, "बाळू, परत त्याला. एकाच अंगानं करपंल." डाग लालाचा गुलाबी झाला, गुलाबीचा फिकट.

डाग उतरल्यावर त्याखालचे ओरखडे दिसले. लांब, खोल, तिरपे. चारशे नंबरच्या पेपरनं तयार केलेल्या जागेवर कुणीतरी साठ नंबरचा जाड पेपर फिरवला होता. तुमच्या हातून ही चूक होणं शक्य नव्हतं. मी दस्ता उन्हात धरून कितीतरी वेळ बघत बसलो. अक्का बाजूला सांडगे घालत होती.

"काय बघतोयस?"

"ओरखडे आहेत. दाजींनी चुकून जाड कागद मारलाय."

ती सांडगे घालायची थांबली नाही. म्हणाली, "अबोला हुता न्हवं तवा. कोण वाचून देणार त्यास्नी?"

"काय वाचून?" मी विचारलं.

"कागदाच्या पाठीवर आकडा असतोय की बारीक. त्यो मी वाचून द्यायची. पावसाळ्यापासनंच. आधी म्हणायचे चष्मा खाली राहिलाय. मग ते बी म्हणायचे बंद झाले. नुसता कागद पुढं करायचे."

"म्हणजे तुला डोळ्याचं..."

"बाळू, चाळीस वर्सं एका ताटात वाढलंय त्यास्नी. चटणी कुठल्या अंगाला हाय ते हातानं चाचपायला लागले, तवा मला काय डॉक्टरानं सांगायला पायजे?" तिनं पुढची ओळ घातली. "अबोल्यात एकट्यानं बसून घासत हुते. बोटानं बघितलं आसंल कागद कसाय ते, पर साबणानं पाण्यानं बोटं मऊ पडलेली. ह्ये ओरखडे तवाचे. मग एक दिवस आले, कागद माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, 'किती नंबर हाय बघ.' मी म्हटलं, चारशे. मिटलं तिथं."

मी म्हटलं, "मग लोकांना हळदीचं कशाला सांगत बसतीस? तुझ्यामुळं राहिलं, तुझ्यामुळं राहिलं."

"लोक इचारत्यात, काय राहिलं, कशानं राहिलं. डोळ्याचं त्यास्नी कुणाला कळू द्यायचं न्हवतं. मग काय सांगू? हळदीचं सांगितलं की गप बसत्यात." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुला दवाखान्यात नेलं, त्या दिवशी स्कूटरची किल्ली तुझ्या हातात हुती. मला दिसत न्हवतं व्हय?"

दाजी, तुमचं गुपित तुम्ही माझ्यापाशी ठेवलंत, अक्कानं स्वतःपाशी ठेवलं, आणि ते सांभाळत आम्ही दोघं समोरासमोर बसून हळदीवर बोलत होतो. तुम्हाला हे सांगायला मला आवडलं असतं. तुम्ही काय म्हणाला असता, तेही मला ठाऊक आहे. उजेड अडवताय.

त्यानंतर काम लवकर झालं. ओरखडे निघतील तेवढे काढले. सगळे काढले असते तर उशी खाली गेली असती. आकडा अक्का वाचत होती. मला वाचता येत होता, पण मी कागद पुढं करत होतो आणि ती वाचत होती. तेल जवसाचंच लावलं. लाखेच्या पॉलिशचा मुद्दा मी मागं घेतला आहे. समोर कुणी नसताना वाद हरण्यात काही मजा नाही, हे नोंदवून ठेवतो. पहिल्या हातातच थर उघडे झाले, फिकटाचा मध झाला, तपकिरीची कॉफी, आणि उशीवर डागाची एक धुरकट छटा राहिली, सांगितल्याशिवाय दिसणार नाही अशी. तेलाचे बोळे तुम्ही बजावलं होतंत तसे पाण्यात बुडवून टाकले, कारण ते गोळा करून ठेवले तर आपोआप पेट घेतात. धगधगतं म्हणावं असं तुमच्या बंदुकीच्या बाबतीत तेवढंच काय ते होतं.

काल नळी दस्त्याला जोडली आणि तालमीत घेऊन गेलो. नेमबाजीची मागची लांब खोली, पलीकडं आखाड्यात कुणी बैठका काढतंय, खिडकीतून फुटबॉलची बोंबाबोंब. काचेची पेटी तयार होती. दिवाही लागला होता. अध्यक्ष हार घेऊन उभे होते.

अक्का म्हणाली, "आधी चालतंय का बघायला नको व्हय?"

"काकू, आता डाव्या हाताचं हाय ते," अध्यक्ष म्हणाले. "आमच्यात डावं कोण न्हाय."

"मी हाय की."

अध्यक्षांनी हार खुंटीला अडकवला, बंदूक भरून दिली, टेबलावर वाळूची पिशवी ठेवली. अक्कानं पदर खोचला, बसली, दस्ता डाव्या खांद्याला घेतला आणि डावा गाल उशीवर टेकवला. बरोबर त्या डागावर. तुमचा चेहरा मोठा, तिचा लहान, पण बसला. ती बराच वेळ तशीच राहिली. नेम धरत होती की नुसती टेकली होती, ते आम्हाला कळेना. अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

मग मांजर शिंकलं.

अध्यक्ष चालत जाऊन समोर शेजारी-शेजारी लावलेली नेमाची दोन्ही कार्डं घेऊन आले. तिच्यासमोरचं कोरं होतं. छर्रा शेजारच्या कार्डावर लागला होता, दहापैकी नऊच्या वर्तुळात. नियमानं तो शून्य धरतात.